पोलिसांनी पोराला मारलं म्हणून बस फोडणं बरोबर काय?

खानापूर_साइड
आमच्या गावच्या एका पोराला मागच्या आठवड्यात स्टेशनला नेऊन मारलं. गाडीच्या कागदावरनं हुज्जत झाली होती एवढंच. रात्रभर आत ठेवला, केस नाही, एंट्री नाही, सकाळी सोडला तर तळपाय असे सुजलेले की चप्पल पायात जाईना, भावाने पाठीवर घेऊन घरी आणला. आता गावातली पोरं पेटलीत, रविवारी रस्त्यावर टायर जाळायचे, बस अडवायची, नाही ऐकलं तर काचा फोडायच्या म्हणायलेत. एकाने स्टेटस ठेवलाय की अमेरिकेत २०२० ला पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड नावाच्या काळ्या माणसाला जीवे मारल्यावर लोकांनी मिनियापोलिसचं पोलीस स्टेशन जाळलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या पोलिसाला अटक झाली. तारखा बघितल्या, खऱ्या आहेत, २८ मेला जाळलं आणि २९ ला अटक. मला पण राग आहे हो, पण फोडायला मन घेईना. काय करावं?

सीमेवरचा_गडी
फोडा की! शांत बसलेल्याचं कोण ऐकतंय इथं? ८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळ्या घातल्या, आपली माणसं गेली, हिंडलग्याला स्मारक बांधून आपणच दरवर्षी हार घालतोय. २०१४ ला येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला तेव्हा घरात घुसून घुसून मारलं, बायका बघितल्या नाहीत, म्हातारी बघितली नाहीत, आणि त्यासाठी कुठल्या साहेबाला शिक्षा झाल्याचं मी तर ऐकलं नाही. काच फुटली की लगेच टीव्हीवाले येतात, आमदार येतो. बस काय, नवी येते. त्या पोराचे पाय नवे येणार काय?

बेळगाव_वकील
गडीभाऊ, राग खरा आहे तुमचा, त्यावर वाद नाही. पण येळ्ळूरचंच घ्या, मार खाल्ला गावाने आणि कोर्टाच्या तारखांना वर्षानुवर्षं गेलं कोण? गावच. आज केस नाहीये पोरावर, म्हणजे आत्ता उत्तर पोलिसांनी द्यायचंय. एक बस फुटली की सगळं उलटं फिरतं, उद्या पेपरात "दगडफेक" एवढंच येणार, पायाचं कुणी लिहिणार नाही. सार्वजनिक मालमत्तेचा १९८४ चा कायदा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आग लावली तर एक ते दहा वर्षं. आर्मी भरतीला पळणारी पोरं असतील गावात, त्यांचं व्हेरिफिकेशन कोण करतंय? तेच पोलीस.

आता अमेरिकेचं. अटक दुसऱ्या दिवशी झाली हे खरं, जाळपोळीचा दबाव नव्हताच असं मी म्हणणार नाही. पण अटकेने काय होतंय, शिक्षा कशाने झाली ते बघा. एका १७ वर्षाच्या पोरीने मोबाईलवर सगळं शूट केलं होतं, आणि कोर्टात खुद्द पोलीस चीफने आपल्याच माणसाच्या विरोधात साक्ष दिली, म्हणून २०२१ ला त्या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा लागली. आणि तिथं जाळपोळीत लेक स्ट्रीटवरची दुकानं गेली ती बाहेरनं येऊन पोट भरणाऱ्या साध्या लोकांची.

म्हणून पुरावा धरा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० ला सांगितलंय की प्रत्येक स्टेशनात लॉकअपला, दारात, व्हरांड्यात कॅमेरे पाहिजेत, रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, अगदीच जमत नसेल तर निदान एक वर्ष. त्या रात्रीचं फुटेज राखून ठेवा असा लेखी अर्ज उद्याच एसपी ऑफिसला आणि स्टेशनला द्या, पोच घ्या, आरटीआय पण टाका. कुणी स्टेशनवर चाल करून गेलं आणि तो डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जळाला तर त्यांचंच काम सोपं झालं!

रोज_बसने
बस नवी येते म्हणणाऱ्या भाऊंना विचारते, कधी येते? आमच्या गावाला दोनच फेऱ्या आहेत. २०२३ पासून कर्नाटकच्या सरकारी बसला बायकांना तिकीट लागत नाही म्हणून आई आठवड्यातनं तीनदा भाजी घेऊन बेळगावला जाते, पोरी कॉलेजला जातात. मागे सीमेवर बसला काळं फासायचं चाललं होतं तेव्हा दोन्हीकडच्या गाड्या बंद, निपाणीत उतरून चालत पुढं गेलोय आम्ही. मार साहेबाने दिला आणि शिक्षा माझ्या आईला, हे कुठलं?

सीमेवरचा_गडी
ताई तुमचं पटलं, बस नको. पण वकीलसाहेब, फुटेज मागितलं आणि "कॅमेरा बंद होता" म्हटले तर? तेच म्हणतात सगळे.

बेळगाव_वकील
म्हणतील. मग कॅमेरा बंद का होता हाच प्रश्न कोर्टात न्यायचा. तमिळनाडूत साथानकुलमला २०२० ला बाप-लेकाला मारून टाकलं, तिथलं रेकॉर्डिंग रोज आपोआप पुसलं जाईल असं सेटिंग निघालं. तरी दाबता आलं नाही. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मदुराईच्या हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, मॅजिस्ट्रेट स्टेशनात जाऊन बसला आणि त्याच स्टेशनच्या एका महिला हेड कॉन्स्टेबलने खरं सांगितलं. खुनाचा गुन्हा पोलिसांवरच लागला. त्या बाईने तोंड उघडलं कारण ऐकायला कोणीतरी समोर होतं. बाहेर दगड पडत असताना कुठला कॉन्स्टेबल आपल्या साहेबाविरुद्ध बोलेल?

पोराला आजच सिव्हिलला न्या, एमएलसी, म्हणजे मारहाणीची पोलीस-केस म्हणून डॉक्टरची नोंद, करायला लावा, डॉक्टरला "पडलो" सांगू नका, कशाने मारलं ते सांगा. पायाचे फोटो काढून ठेवा, सूज उतरली की काय दाखवणार? एफआयआर घेत नसतील तर एसपीला पोस्टाने पाठवा, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटपुढे जाता येतंय. आणि घेतलीच तर कन्नडमध्ये असणार, वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, तो हक्क आहे. कॉपी फुकट मिळते. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग, दोन्हीकडे अर्ज टाका.

रविवारी रस्त्यावर जरूर बसा हो, सगळं गाव बसा, बायका पुढं. परवानगीचा अर्ज आधी द्या आणि अख्खा वेळ मोबाईलवर शूटिंग चालू ठेवा.

खानापूर_साइड
पोराला घेऊन निघालोय सिव्हिलला. तो घाबरलाय, पडलो म्हणूनच सांगतो म्हणत होता, आईने समजावलं. टायरवाल्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला, दोघं अजून ऐकेनात, बाकीचे बसायला तयार आहेत. फुटेजचा अर्ज कन्नडमध्ये कोण लिहून देईल? आमच्याकडं बोलता येतंय सगळ्यांना, लिहिता येत नाही.

रोज_बसने
मी लिहून देते, दहावीपर्यंत कन्नड होतं मला. तारीख, वेळ आणि कुठल्या खोलीत ठेवलं होतं ते पाठवा.