घेवड्याला लीद घालू की कंपोस्ट? घरात दोन पार्ट्या पडल्यात

वेलवेडी
मंडळी, या वेळी वेली घेवडा लावतेय, बी आणलंय, बांबू पण उभे करून झालेत, पण खतावरून घरात जुंपलीये. ओळखीच्या एकांच्या तबेल्यातून घोड्याच्या लिदीची पोती मिळालीत, अगदी ताजी, दार उघडलं की कळतं. नवरोबांचं म्हणणं सगळी पोती वाफ्यात ओता, जेवढं खत तेवढ्या शेंगा. माझं म्हणणं आपलं घरचं कंपोस्ट पुरे. पण ते कंपोस्ट पण जरा चिकट झालंय आणि आंबूस वास मारतंय, त्यामुळे माझी बाजू थोडी लंगडी पडतेय. तुम्ही सांगाल ते दोघांना मान्य आहे, करा निवाडा!

मातीतलाहात
ताई, पहिली फेरी तुमची. दाजींना सांगा, ताजी लीद घेवड्याला अजिबात नको. एक तर ताज्या लिदीतला अमोनिया कोवळी मुळं भाजतो, वर न पचलेलं तणाचं बी फुकटात येतं. आणि मुख्य म्हणजे घेवडा आपलं बरंचसं नत्र, म्हणजे नायट्रोजन, स्वतःच मिळवतो, त्याच्या मुळांवर गाठी येतात, त्यात रायझोबियम जिवाणू राहतात, ते हवेतलं नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. मातीत आयतं नत्र ढिगानं मिळालं की झाड गाठी करायच्या भानगडीतच पडत नाही, मग वेल नुसता माजतो, पानं ही मोठ्ठी, फुलं उशिरा आणि शेंगा शोधाव्या लागतात. हिरवागार मांडव हवा असेल तर ओता पोती 😄

गांडूळभक्त
थांबा थांबा, दाजींचं वकीलपत्र मी घेतो. लीद म्हणजे सोनं आहे हो, फक्त आजचं नाही, पुढच्या हंगामाचं. तिचा सुक्या पाल्याबरोबर थर देऊन ढीग लावा, निदान कमरेएवढा उंच, कारण छोटा ढीग तापतच नाही. कर्ब-नत्राचं, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनचं, प्रमाण २५-३० ला १ च्या आसपास असलं आणि ओल बेताची असली की आतलं तापमान ५५-६५ अंशांवर जातं, त्यात बरंचसं तणाचं बी आणि रोगजंतू मरतात, पण ढीग उलटत राहायचं, नाहीतर कडेचं कच्चंच राहतं. थंडीत पहाटे ढीग उलटताना वाफ निघते ना, ती बघायला मी मुद्दाम लवकर उठतो, खरंच सांगतो, त्याच्यासारखा आनंद नाही.
तुमच्या चिकट कंपोस्टचं म्हणाल तर ते जास्त ओलं झालंय, आत हवा नाहीये. फाडलेला पुठ्ठा, सुका पाला घाला आणि वर-खाली करा. मूठभर घेऊन दाबलं की एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागता कामा नये. वास गेला, मातीसारखा झाला की तयार.

काकडीकाकू
वकीलसाहेब, सोनं कबूल, पण ते कसाला लावून बघा ना आधी! वेलवेडी, त्या घोड्यांनी कुठलं गवत खाल्लंय ते पहिलं विचार. काही ठिकाणी कुरणांवर रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड अशी तणनाशकं मारतात. ती घोड्याच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर येतात, खत कुजवलं तरी लवकर जात नाहीत. गवताला, मक्याला काही होत नाही, पण टोमॅटो आणि सगळी शेंगावर्गीय पिकं, पानं वाटीसारखी वळतात, शेंडे पिळवटतात, वाढ खुंटते. लोक बिचारे व्हायरस समजून झाडं उपटत बसतात.
आणि यातली गंमत म्हणजे हे तपासायला घेवड्यासारखं दुसरं झाड नाही. लीद नीट कुजली की ती मातीत मिसळून दोन-तीन कुंड्या भर, तेवढ्याच कुंड्या बिनखताच्या ठेव, सगळ्यात घेवडा टोच आणि दोन-तीन आठवडे पानं बघ. दोन्हीकडची सारखी सरळ असली तर खुशाल वापर. पण पिळवटली तर ते खत भाजीच्या वाफ्यात नकोच. भांडणाचा निकाल घेवड्यालाच लावू दे!

पावटेपंत
काकूंना माझा पाठिंबा. बाकी प्रमाण सांगतो, तयार कंपोस्टचा दोन बोटं जाड थर वरच्या मातीत मिसळला की घेवड्याला बास होतो. गाठी काम करतायत का ते बघायचं असेल तर फुलं आल्यावर एखादं रोप अलगद उपटून गाठ नखानं फोडा, आत गुलाबी-लाल दिसली तर काम जोरात चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद! पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ काम करत नाहीये. आणि हो, ऐन उन्हाळ्यात पारा ३२-३५ च्या वर गेला तर फुलं गळतात, त्याचं खापर खतावर फोडू नका, दाजींवर पण नको.

वेलवेडी
हाहा, नवरोबांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. वकील मिळाल्यामुळे स्वारी खूश आहे, आत्ता बाहेर पाला गोळा करायला गेलेत, ढीग त्यांचा आणि वाफा माझा अशी वाटणी झालीये. गवताचं पण आजच विचारते, काकू, हे मला माहीतच नव्हतं, खूप आभार. एक शेवटचं, बी रात्रभर भिजवू का?

काकडीकाकू
नको गं. घेवड्याचं बी भसाभस पाणी पितं, त्यात दल तडकतं आणि मग कुजतं. माती ऊबदार आणि ओलसर असेल तर कोरडंच एक इंच खोल टोच, आठवडा-दहा दिवसांत मान वर काढेल. तोवर पाण्याचा मारा करू नकोस. आणि गोगलगायींवर लक्ष ठेव, त्यांना ते कोवळे कोंब फार आवडतात.

गांडूळभक्त
दाजींना म्हणावं, पाला बारीक करून टाका, लवकर कुजतो. आणि ढीग तापला की आकडा इथे टाका, माझा सध्या ६२ वर आहे 💪