ब्रेन फॉगला मराठीत काय म्हणायचं?

सायली:
माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), सहा वर्षं झाली. तिच्या डॉक्टरांनी पेशंट लोकांसाठी चार पानी माहितीपत्रक केलंय, त्याचं मराठी मी करतेय आणि ब्रेन फॉगपाशी, म्हणजे डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं त्यापाशी, अडकलेय. आधी 'विसराळूपणा' लिहिलं होतं, बहिणीने वाचलं आणि चिडलीच, म्हणाली विसराळू तर आई पण आहे, मी विसरत नाहीये गं, मला तिथपर्यंत पोचता येत नाहीये. परवा फोडणी टाकली आणि हळद हा शब्दच येईना, डबा समोर, रंग दिसतोय, चव माहितीये, नाव नाही. पाच मिनिटांनी आपोआप आलं. पेशंटच्या सासूला पण कळेल असा शब्द हवाय.

मिरजकर:
'बोधनिक अडथळे' लिहा. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत कॉग्निटिव्हला, म्हणजे विचार, लक्ष, आठवण यांच्याशी संबंधित जे ते, बोधनिक आहे. हल्ली जो तो संज्ञानात्मक लिहितो, ते हिंदीचं बघून. आपला शब्द असताना उसना कशाला?

सायली:
सर, सासूला बोधनिक कळणार नाही हो.

नाईट_ड्यूटी:
काहीही लिहा पण स्मृतिभ्रंश नको. आमच्या वॉर्डात एकीच्या कागदावर कोणीतरी तसं लिहिलं, नवऱ्याने शोधलं तर डिमेन्शिया आलं आणि घरात रडारड. ल्युपसमधलं हे डिमेन्शियासारखं बहुतेकांमध्ये वाढत जात नाही, कमीजास्त होत राहतं. लक्ष टिकत नाही, विचार हळू चालतो, शब्द सापडत नाही. 1999 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीने (संधिवाताच्या डॉक्टरांची संघटना) ल्युपसमधले मेंदूचे, नसांचे आणि मनाचे मिळून 19 त्रास ठरवून दिले त्यात हा पण आहे, म्हणजे बाई कामं टाळायला सांगत नाहीये. कारण पण एकच नसतं, काहींच्या रक्तात अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्ताच्या गुठळ्या करू शकतात त्या) असतात, शिवाय झोप नाही, दुखणं, डिप्रेशन, स्टेरॉइड, सगळं मिळून. एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल येतो आणि मग घरचे म्हणतात बघ, काही नाहीये तुला.

चांदवडकर:
धुई म्हणा ना ताई. आमच्याकडे धुकं कोणी म्हणत नाही. धुई पडली की कांद्यावर करपा येतो, म्हणून वडील पहाटेच उठवायचे बघायला. बांधावर उभं राहिलं की विहीर दिसत नाही, पण विहीर कुठंय ते माहिती असतं. तुमच्या बहिणीचं तेच झालं ना हळदीचं?

ओवी:
मला स्वतःला ल्युपस आहे, 2014 पासून, न्यू जर्सीत असते. माझा शब्द मळभ. धुकं ऊन आलं की उठतं, माझं दोन दोन दिवस उठत नाही, अंधार पण नाही आणि उजेड पण नाही. ऑफिसात ब्रेन फॉग म्हटलं की भागतं पण आईला फोनवर 'आज मळभ आहे' एवढंच सांगते, ती पुढे काही विचारत नाही, जेवलीस का, बस.

मिरजकर:
मळभ म्हणजे मल अधिक अभ्र असं मी धरतो. मळलेलं आभाळ. आजारी माणसाच्या बुद्धीला मळ चिकटवणं मला पटत नाही.

चांदवडकर:
मळ कसला सर, जून कोरडा गेला की मळभाकडे डोळे लावून बसतो आम्ही.

ओवी:
मिरजकर काका, तो शब्द मी बारा वर्षांची होते तेव्हापासून वापरतेय, व्युत्पत्ती बघून नाही सोडणार.

नाईट_ड्यूटी:
शब्द बनवायचा कशाला पण, बायका येऊन काय सांगतात ते लिहा की. डोकं बधीर झालंय, भंजाळल्यासारखं होतंय, आणि सगळ्यात जास्त 'काही सुधरत नाही'. आमच्या अकोल्याकडे तर हेच.

सायली:
सुधरत नाही!! हे मी बहिणीला आत्ता विचारते. पण सुचत नाही आणि सुधरत नाही एकच ना?

नाईट_ड्यूटी:
नाही. सुचत नाही म्हणजे नवीन काही येत नाही. सुधरत नाही म्हणजे समोर आहे त्याचाच मेळ लागत नाही.

मिरजकर:
पण छापील मजकुरात ते चुकीचं वाचलं जाईल. सुधरणे हे सुधारणेचंच रूप, 'पेशंट सुधरत नाही' असा अर्थ घेतील लोक.

चांदवडकर:
सुधारणेचं कसं? ते सुध वरून असणार, सुधबुध मधली सुध.

मिरजकर:
सुध हिंदी. मराठीत शुद्ध.

चांदवडकर:
मग आमची आजी घेरी आली की 'मला सुध नव्हती' म्हणायची, तिला हिंदीचं अक्षर येत नव्हतं.