जबाबावर सही लागत नाही
पोलीस चौकशीवरच्या एका पोस्टमध्ये, अटक केलेल्याला 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं हे राज्यघटनेच्या कलम 22 चं बरोबर लिहिलंय, पण त्यातलं "जबाबावर सही करावीच लागते" हे चूक आहे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, आधी सीआरपीसी (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम 162, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 181, फिर्याद अन पंचनाम्याची सही वेगळी.

आमच्या तापीकाठच्या गावात विहिरीवरची मोटर चोरीला गेली तेव्हा शेजारच्या नानांना, वय 68, साक्षीदार म्हणून दिवसभर ठाण्यात बसवलं अन कोऱ्या कागदावर सही घेतली, दोन दिवस माणूस केळीच्या बागेकडं फिरकला नाही इतका घाबरला. 60 च्या वरच्या साक्षीदाराला राहत्या जागेबाहेर यायची सक्ती करताच येत नाही (बीएनएसएस कलम 179), हे तेव्हा मला माहीत असतं तर मी सोबत जाऊन तिथंच बोललो असतो.