मदत हवी आहे : घंटावादकांच्या जुन्या मातीच्या ‘जग’वरची (jug, मोठं भांडं) अक्षरं कशी वाचावीत?

इंग्लंडच्या सफोक परगण्यात चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांचे बिअरचे मोठे मातीचे जग असत, स्थानिक बोलीत ‘गॉच’. तिथल्या हॅडली गावच्या १७१५ च्या जगावर वादकांची नावं आहेत आणि ‘भरा तर काठोकाठ, तीही कडक’ अशी तंबीही!

अशाच एका मिठाच्या झिलईच्या (भट्टीत मीठ टाकून आणलेल्या काचेसारख्या लेपाच्या) जगाची नोंद करायची आहे. अक्षरं झिजलीत. कच्च्या मातीत कोरलेली असतील तर खाचेतही झिलई दिसते. भाजल्यानंतरची खाच कोरडी, कडेचे टवके उडालेले. तिरप्या उजेडातल्या फोटोत नेमकी झिलईच चकाकते. खडू किंवा पीठ चोळायचं नाही, भेगांत रुतून बसतं. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) फक्त लेन्सला पुरेल, की दिव्यालाही लावावा? कुंभारकाम किंवा संग्रहालयातल्या जाणकारांनी कृपया सांगावं.