कॅन्सर परिषदा ऑनलाइन गेल्या होत्या तेच बरं होतं. परत हॉलमध्ये नेल्या कशाला?

भीमाकाठ

डिसेंबर 2020 मध्ये सॅन अँटोनियोची ब्रेस्ट कॅन्सर परिषद पहिल्यांदा पूर्णपणे ऑनलाइन झाली. टेक्सासमध्ये 1978 पासून भरते, एरवी सात-आठ हजार लोक जमतात. त्याच वर्षी मे महिन्यात एस्मो या युरोपियन संस्थेची बर्लिनला ठरलेली ब्रेस्टची बैठक पडद्यावर गेली होती, पाठोपाठ अमेरिकी कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेचं शिकागोतलं अधिवेशन, अ‍ॅस्को. कोविडमुळे नाइलाजाने केलं, कबूल. पण नाइलाजाने का होईना, योग्य गोष्ट घडली होती. साथ ओसरल्याबरोबर सगळे परत हॉलकडे पळाले, हे मला पटत नाही.

मी जिल्ह्याच्या गावी मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आहे. विमान, हॉटेल, नोंदणी धरून परदेशातली एक परिषद म्हणजे काही लाखांचा खड्डा, वर दवाखाना आठवडाभर बंद. शिवाय व्हिसा. 2022 च्या अखेरीस मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीसाठी पाचशे दिवसांच्या वर थांबावं लागत होतं. यंदाची परिषद होऊन पुढची आली तरी नंबर लागायचा नाही.

त्या डिसेंबरात मात्र तिथली सकाळची सेशन्स आपल्याकडे रात्री आठच्या सुमारास सुरू व्हायची. ओपीडी आटपून, ताट पुढ्यात घेऊन ऐकायचो. आरएक्स-पॉन्डरचे निकाल असेच ऐकले. हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा कॅन्सर), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला), काखेतल्या एक ते तीन लसिका गाठींत कॅन्सर, रिकरन्स स्कोअर (गाठीच्या जनुकांवरून कॅन्सर उलटण्याचा धोका सांगणारा आकडा) 25 पर्यंत, अशा पाच हजारांवर स्त्रियांची ट्रायल. पाळी गेलेल्यांना केमोचा फायदा नाही, पाळी चालू असलेल्यांना आहे. आमच्याकडे काखेत गाठ पॉझिटिव्ह आली की केमो, पुढे चर्चाच नाही. त्या रात्रीनंतर साठीतल्या, साखर वाढलेल्या बाईच्या कागदावर केमो लिहिताना माझा हात थांबतो. छापील पेपर हाती यायला आणखी वर्ष गेलं असतं.

---

टाके_दोरे

डॉक्टर, हात थांबतो म्हणजे नक्की काय करता? स्कोअर काढता का? त्या टेस्टची किंमत लाखांत आहे, तुमच्या किती पेशंट करतात? ट्रायलमधल्या सगळ्या बायकांचा स्कोअर 25 किंवा कमी होता, म्हणून तो निकाल लागला. स्कोअर न काढता "पाळी गेली आहे, मग केमो नको" असं कोणी धरलं तर ज्या बाईचा स्कोअर 40 आला असता तिची केमो चुकते. तुम्ही असं करता असं म्हणत नाही. पण ताट पुढ्यात घेऊन ऐकलेल्या निकालाचं असं होऊ शकतं.

दुसरं, त्याच ट्रायलचा खरा वाद वेगळाच होता. पाळी चालू असलेल्यांना फायदा केमोच्या औषधाने झाला, की केमोमुळे अंडाशय बंद पडले म्हणून? तसं असेल तर अंडाशय इंजेक्शनने बंद करा, केमो कशाला! हा प्रश्न चॅटच्या खिडकीत टाइप करता येतो हो. पण संयोजक त्यातले चार निवडतो, वक्ता दोघांना उत्तर देतो, वेळ संपते.

मी पुण्यात ब्रेस्ट सर्जन आहे. परिषदेला आपल्या अभ्यासाचं पोस्टर घेऊन गेलेल्यांना ठाऊक असेल: ती लांब नळी केबिन बॅगेत बसत नाही, सिक्युरिटीवाला दर वेळी उघडायला लावतो, आणि मग तासभर फळ्यापुढे उभं राहून तोंड दुखतं. पण कोणीतरी अनोळखी माणूस थांबतो, चष्मा वर करून तुमचा तिसरा तक्ता वाचतो आणि विचारतो, "या अकरा जणी फॉलोअपला का आल्या नाहीत?" ई-पोस्टरच्या पानावर हा माणूस मला कधी भेटलेला नाही.

---

जुना_एमआर

"काही लाखांचा खड्डा." हा हा. डॉक्टरसाहेब, तुमचा पडला असेल, तुमच्यावर शंका नाही. पण उभा जन्म औषध कंपनीचा प्रतिनिधी (एमआर) होऊन बॅग वागवली आहे, म्हणून सांगतो, त्या हॉलमध्ये स्वतःच्या खिशातून आलेले आपले डॉक्टर शोधून काढायला दुर्बीण लागायची. 2020 मध्ये कंपन्यांनी ऑनलाइन स्टॉल मांडले होते, आठवतं का? कार्टूनसारखी रिसेप्शनिस्ट, क्लिक केलं की ब्रोशर. चिटपाखरू फिरकलं नाही. कंपन्यांना हॉल परत हवा होता, हेही एक कारण आहे, ते कोणी बोलत नाही.

आणि आता तर मार्च 2024 च्या यूसीपीएमपी, म्हणजे औषध कंपन्यांच्या मार्केटिंगच्या सरकारी संहितेनुसार वक्ता असल्याशिवाय डॉक्टरच्या प्रवासाचा खर्च कंपनीने करायचा नाही. म्हणजे भाषण देणारे मोठे लोक जाणार, ऐकणारे घरी बसणार.

---

केएम_कर्व्ह

हॉलमधल्या वादाचं फार कौतुक चाललंय म्हणून एक जुनी गोष्ट. डिसेंबर 2013, सॅन अँटोनियो. टाटा हॉस्पिटलचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी 350 रुग्णांची ट्रायल मांडली: निदानाच्या वेळीच कॅन्सर अंगभर पसरलेला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढून आयुष्य वाढत नाही. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. हर-टू पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकींना हर-टूवर नेमकं काम करणारं ट्रास्टुझुमॅब मिळालेलं नव्हतं, कारण परवडत नव्हतं. नव्या औषधांबरोबर ऑपरेशनचा उपयोग होईल, अशी आशा बऱ्याच जणांनी धरून ठेवली.

उत्तर मे 2020 मध्ये आलं. अमेरिकेची ई-2108 ट्रायल, त्यांच्याकडची चांगली औषधं, आणि निष्कर्ष तोच: आयुष्य वाढत नाही. अ‍ॅस्कोच्या मुख्य सत्रात मांडली, आणि तेही ऑनलाइन. टाळी वाजवायला हॉलमध्ये कोणी नव्हतं. म्हणून तिचं वजन कमी झालं का? मुंबईने सात वर्षं आधी सांगितलेलं शिकागोने मान्य केलं, ते मी परळच्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉपवर पाहिलं.

उलट बाजूचंही सांगतो. जून 2022, अ‍ॅस्को परत शिकागोत. डेस्टिनी-ब्रेस्ट झिरो-फोर या ट्रायलमधले ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन या नव्या औषधाचे आकडे आल्यावर अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. औषध चांगलंच आहे, आकडे भक्कम होते. पण मी संख्याशास्त्राचा माणूस, उभं राहून टाळ्या वाजवणारा हॉल पाहिला की मला धास्ती वाटते. त्या मूडमध्ये विषारीपणाचा, म्हणजे दुष्परिणामांचा, तक्ता कोण वाचतो? आणि आपल्याकडे किती जणींना ते महिन्याच्या महिन्याला झेपेल?

---

ऑरेंज_सिटी_रेसिडेंट

सर, मॅडम, सगळ्यांचं बरोबर आहे, पण ऑनलाइनची एक गंमत कोणीच सांगून नाही राहिलं. परिषद परदेशात असली की रजा मिळते. ऑनलाइन असली की "घरूनच तर बघायचं आहे" म्हणतात आणि ड्यूटी लागते. मी एक अख्खं सेशन डे-केअरमध्ये एका कानात इयरफोन घालून ऐकलं. दुसऱ्या कानाने सिस्टर सांगत होत्या, सात नंबरची सलाईन थांबली. काय शिकलो? सलाईन पुन्हा चालू करायला शिकलो.

भीमाकाठ सर, रात्री आठ ही तुमची मोकळी वेळ असेल. आमची ती राउंडची वेळ आहे. आणि पहिली दोन तासं संपली की पुढचं सगळं मध्यरात्रीकडे सरकतं.

---

मोगरा

मी पेशंट आहे. हर-टू पॉझिटिव्ह, उपचार पूर्ण झाले, आता फॉलोअपवर. तुम्ही सगळे आपापल्या सोयीचं बोलताय, म्हणून लिहिते.

सॅन अँटोनियोत अलामो ब्रेस्ट कॅन्सर फाउंडेशन नावाची संस्था आहे. परिषदेच्या दिवसांत संध्याकाळी डॉक्टरांना बसवून पेशंटच्या प्रतिनिधींना त्या दिवसाचे निकाल सोप्या भाषेत समजावून देतात. हे मला घरी बसून कळलं. हॉलच्या काळात माझ्यासारखीला कोण सांगणार होतं? केमो चालू असताना पांढऱ्या पेशी खाली आलेल्या, डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका म्हणून बजावलेलं, आणि परिषद कुठे, तर हजारो लोक एका छताखाली. फेब्रुवारी 2020 मध्ये बॉस्टनला एका औषध कंपनीच्या बैठकीतून कोविड किती पसरला ते सगळ्यांनी वाचलं आहेच. आमच्यासाठी पडद्याआधी दारच नव्हतं.

सगळं समजलं असं नाही. ते उतरत्या पायऱ्यांसारखे आलेख दाखवतात ना, त्यात आपण कुठल्या पायरीवर, हे कोणी सांगत नाही. पण पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारायला दोन प्रश्न तरी लिहून नेता आले.

---

टाके_दोरे

मोगराताई, तुमच्या मुद्द्यावर माझा वादच नाही. पेशंटसाठी ऑनलाइन दार कायम उघडं हवं, आणि फुकट हवं. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्चने ऑनलाइन अधिवेशन विनामूल्य ठेवलं तर साठ हजारांवर लोकांनी नावं नोंदवली. आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइनलाही घसघशीत फी आहे. भीमाकाठ, भांडायचं तर त्या फीशी भांडा ना, हॉलशी कशाला?

कारण हॉल कशासाठी लागतो ते सांगते. सप्टेंबर 2022, पॅरिस, एस्मो. बडवे सरांनी देशातल्या अकरा केंद्रांतल्या सुमारे सोळाशे स्त्रियांची ट्रायल मांडली: ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन द्यायचं, सात-दहा मिनिटं थांबायचं, मग चाकू. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण 82.6 वरून 86.6 टक्क्यांवर गेलं. औषध शंभर रुपयांच्या आतलं. याला कंपनी नाही, स्टॉल नाही, ब्रोशर नाही, एमआर नाही. असला निकाल सर्जन सर्जनला सांगतो तेव्हाच पसरतो. कॉफीच्या रांगेत "सुई कुठे टोचता, किती एमएल, भूलतज्ज्ञ कुरकुरतो का" हे विचारलं जातं आणि माणूस घरी येऊन करून बघतो. ऑनलाइन परिषदेत तो निकाल बाराव्या टॅबवरचा एक व्हिडिओ झाला असता.

---

जुना_एमआर

मॅडम, पटलं. एमआर नाही म्हणून औषध चालत नाही, हे ऐकून जीव सुखावला.

---

भीमाकाठ

आधी स्कोअरचं. टेस्ट परवडत नसेल तर मी केमो टाळत नाही. हात थांबतो म्हणजे केस नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याच्या ऑनलाइन ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे तज्ज्ञांच्या बैठकीपुढे, नेतो. ग्रेड, के-आय सिक्स्टी सेव्हन (पेशी किती वेगाने वाढतात ते), हृदयाचा इको, बाईचा जोर, सगळं मांडतो आणि चारचौघांचं ऐकतो. तोही पडदाच आहे, टाके_दोरे मॅडम. आणि तिथे संयोजक माझा प्रश्न गाळत नाही.

लिग्नोकेनचं: पॅरिसला मी नव्हतो. निकाल मला त्याच दिवशी फोनवर कळला, आमच्या सर्जनला मीच पाठवला, किती एमएल ते त्याने पेपरमधून काढलं. कॉफीच्या रांगेवाचून आमचं अडलं नाही.

नागपूरकर, रजेचा मुद्दा मात्र खरा आहे. पण तो विभागप्रमुखांचा दोष, परिषदेचा नाही. ऑनलाइन दिवसांनाही ऑन-ड्यूटी रजा द्या, असं मेडिकल कौन्सिलकडे मागायला हवं. क्रेडिट पॉइंट देतात, मग वेळ का नाही देत?

---

ऑरेंज_सिटी_रेसिडेंट

सर, ते मागणारा अर्ज पण आम्हालाच ड्यूटीवर बसून लिहावा लागेल :)

---

टाके_दोरे

ट्यूमर बोर्ड चांगलाच आहे, पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. बोर्डावर तुमची केस पाहणारे असतात, ट्रायल करणारा नसतो. त्या अकरा जणी का आल्या नाहीत, ते फक्त त्यालाच ठाऊक असतं. आणि तो रेकॉर्ड केलेलं भाषण लावून देऊन स्वतः जेवायला गेलेला असतो.

---

भीमाकाठ

आणि हॉलमध्ये? सात हजार माणसं, माइक दोन, प्रश्नांना पाच मिनिटं. त्या रांगेत जिल्ह्याच्या डॉक्टरचा नंबर लागलेला तुम्ही कधी पाहिलात का, मॅडम?