पहिली गाडी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, तीही कॉलेजात असताना?

खड्डेशास्त्री (धागाकर्ता)

काल जुन्या गाड्यांच्या विभागात एका पोराची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी: राहतो ठाण्याला, पार्ल्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिपचे महिना १८ हजार मिळतात. बाबा ६ लाख द्यायला तयार, वरचे अडीच 'मॅनेज होतील'. घ्यायची आहे २०१३ची बीएमडब्ल्यू ३२८आय, दिल्ली पासिंग. शेवटी प्रश्न, 'परवडेल ना?' खाली चाळीस जणांनी 'घेऊन टाक भावा' लिहून आगीची चित्रं चिकटवली. एकालाही वाटलं नाही की कागद-पेन घ्यावं.

मग मीच घेतो. ठाणे ते पार्ले, जाऊन-येऊन ५० किलोमीटर धरा. महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ११००. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २४५ घोडे आणि घोडबंदर-पवईचं ट्रॅफिक. ७चं ॲव्हरेज मिळालं तर देवाला नारळ फोडा. १५७ लिटर पेट्रोल, लिटरला १०४ धरले, झाले सोळा हजार तीनशे. १८ हजारांतले सतराशे उरले, त्यात वडापाव खा.

हा फक्त पंप झाला. १५०० सीसीच्या वर इंजिन, म्हणजे नुसता थर्ड पार्टी विमाच २०२२च्या दराने ७,८९७ आणि त्यावर जीएसटी. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, कोण देणार? बंपर फुटला की प्लास्टिकवर ५० टक्के घसारा तुमच्या खिशातून. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची विम्यातली सवलत, शून्य, कारण ती गाडीला नसते, माणसाला असते, आणि याच्या नावावर आजवर सायकलही नाही. दिल्लीची एनओसी आणायची, महाराष्ट्राचा टॅक्स इथे भरायचा, तिथला परत मिळवायला खेटे घालायचे. एवढं करून २०२८ला आरसीची १५ वर्षं संपणार.

गाडी घेता येणं आणि गाडी ठेवता येणं यांतला फरक कुणी सांगत नाही या पोरांना. मी स्वतः २६व्या वर्षी, कायम नोकरीत असताना, एक जुनी जर्मन हॅचबॅक घेतली होती. कंपनीचं नाव घेत नाही. दोन वर्षांत दोनदा गिअरबॉक्स उतरवला. दुसऱ्या वेळी बायकोच्या भिशीचे पैसे गेले. ते अजून ऐकून घेतोय.

लालरेषा

व्वा. 'मी भाजलो म्हणून तुम्ही शेगडी पेटवू नका.'

शास्त्रीबुवा, तुमच्या हिशेबात एक गोम आहे. तो रोज गाडी कॉलेजला नेणार हे कुणी सांगितलं? लोकलचा पास काढेल, गाडी रविवारी काढेल. पहाटे साडेपाचला कोस्टल रोड, नाहीतर अटल सेतूवरून पलीकडे जाऊन मिसळ खाऊन परत. महिन्याला २०० किलोमीटर. तुमचे सोळा हजार आले तीन हजारांवर.

माझी पहिली गाडी २००८ साली, टीवायला असताना. फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०० घोडे, सव्वा लाखाला. शिकवण्या घेऊन पैसे जमवले होते. बाबा महिनाभर बोलले नाहीत. ॲव्हरेज विचारू नका, पण खोपोलीवरून ती गाडी घाट चढायची तेव्हा पोटात जे व्हायचं ते त्यानंतरच्या कुठल्याही सुझुकीत झालेलं नाही. प्लग बदलणं, ब्रेक पॅड घालणं सगळं तिच्यावर शिकलो. आज मी ज्या क्षेत्रात आहे तो त्या गाडीमुळे.

आणि तरुणपणी नाही तर केव्हा? नवीन गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली. ऑक्टाव्हिया आरएस ५० लाखांना, त्याही इनमिन १००. मध्यमवर्गातल्या पोराला उरलंय ते जुन्या गाडीचं दार. तेही बंद करा.

खड्डेशास्त्री

सव्वा लाखाची पॅलिओ आणि साडेआठ लाखांची थ्री सिरीज एकाच तागडीत? पॅलिओचा पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडवर किलोने मिळायचा. आणि तुम्ही *स्वतः कमावलेल्या* पैशाने घेतलीत. तुमचीच गोष्ट माझ्या बाजूने साक्ष देतेय, एवढं कळलं तरी पुरे.

फास्टलोकल

पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य सगळ्यांनी गिळलं. 'बाबा ६ लाख द्यायला तयार.'

मी आणि माझा भाऊ दीड वर्षाच्या अंतराचे. त्याला २१व्या वर्षी 'मुलगा आहे, हौस असते' म्हणून गाडी. मी लायसन्स काढायचं म्हटलं तर 'लोकल आहे ना, रात्री कुठे जायचंय तुला?' मी आठ वर्षं डोंबिवली फास्टला लटकून आले आहे, तेव्हा ७चं ॲव्हरेज की १२चं हा प्रश्न मला ऐकूसुद्धा येत नाही. पोस्ट टाकणारी मुलगी असती तर याच चाळीस जणांनी 'ताई, ॲक्टिव्हा घे' लिहिलं असतं.

लालरेषा

विषय कुठला, तुम्ही कुठे नेताय?

फास्टलोकल

विषय 'परवडतं का' हाच आहे ना? कुणाच्या पैशाने, ते विचारलं. झोंबलं तर इलाज नाही.

इथेनॉलग्रस्त

गाडी २०१३ची. तेव्हा पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, नव्हतं. आता साध्या पेट्रोलमध्ये दुसरं मिळतच नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे ॲव्हरेज पडणारच. रबराचे होस, सील...

लालरेषा

आले. काका, मागच्या आठवड्यात पावभाजीच्या धाग्यावरही तुम्ही ई२० काढलं होतं.

इथेनॉलग्रस्त

बटर महाग का झालं ते समजावत होतो.

गणू गॅरेजवाले

मी साकीनाक्याला हेच काम करतो, म्हणून थोडं लिहितो. भाषणबाजी नाही.

३२८आयमध्ये एन२० इंजिन येतं. २०१५च्या आधीच्या या इंजिनात टायमिंग चेनचे प्लास्टिकचे गाईड झिजतात. ही गोष्ट जगभर माहीत आहे, लपलेली नाही. तुकडे खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडतात, चेन सैल होते, आणि चेन उडाली तर इंजिनच गेलं. वेळेत बदललं तर गाडी मस्त चालते. आठ गिअरचा झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स तर सोनं आहे. वॉटर पंप इलेक्ट्रिक, तो जाताना फार इशारा देत नाही. ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं गॅस्केट गळतं, पण ते किरकोळ.

पोराला एवढंच सांगा: गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिन थंड पाहिजे. आधी बॉनेटला हात लाव. गार असेल तर चालू कर, रेस हळूहळू वाढव आणि कान लाव. रेसबरोबर शीळ वाढत गेली तर नमस्कार करून निघ. चेन बदलल्याचं बिल दाखवतो म्हणाला तर बिलावरचा चासी नंबर जुळवून बघ. खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, त्याचे बाबा वाचत असतील.

सौ. सचिव

तुम्ही सगळे इंजिनात शिरलात. मी एकच विचारते, गाडी लावणार कुठे?

मी मुलुंडला आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, सहा वर्षं, बिनपगारी. ४२ फ्लॅट, १९ जागा. दर वर्षी चिठ्ठ्या टाकतो. जून आला की माझ्या पोटात गोळा येतो. मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने अशीच बुटकी जर्मन गाडी आणली. जागा नाही म्हणून गेटसमोर लावली. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स आली, ती आत येईना. माणूस वाचला, म्हणून मी आज शांतपणे लिहिते आहे. परिवहनमंत्री म्हणाले होते की पार्किंगचा पुरावा असल्याशिवाय गाडीची नोंदणी नको, तेव्हा सगळ्यांनी त्यांना हसून घेतलं. मी पेढे वाटायला तयार होते.

कांजूरचे आजोबा

चिठ्ठ्या कसल्या टाकता? आम्ही १९९८ साली बिल्डरला रोख ४० हजार मोजून स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा घेतली. अलॉटमेंट लेटर आहे. आता आमची नवी कमिटी म्हणते, चिठ्ठीत नाव आलं तरच. हा दरोडा आहे.

सौ. सचिव

काका, तुमच्या काळातल्या इमारतींत स्टिल्टची आणि मोकळी जागा बिल्डरला विकताच येत नव्हती. २०१०चा सुप्रीम कोर्टाचा पांचाली सोसायटीचा निकाल वाचा. ती जागा सोसायटीची. तुमचं लेटर फ्रेम करून भिंतीवर लावा.

कांजूरचे आजोबा

निकाल २०१०चा, माझे पैसे १९९८चे. तेव्हा तुम्ही शाळेत असाल. आणि तुमच्यासारख्या सेक्रेटरींचं माहीत आहे. स्वतःच्या गाडीची चिठ्ठी बरोबर पहिली निघते!

सौ. सचिव

माझ्याकडे गाडीच नाही. स्कूटर आहे, ती मीटरबॉक्सखाली लावते. शब्द मागे घ्या.

लालरेषा

आमच्याकडे रिडेव्हलपमेंटनंतर तो पाळण्यासारखा वर-खाली जाणारा स्टॅक आला. वीज गेली की गाडी वर, आपण खाली. एकदा मुलाच्या परीक्षेच्या दिवशी...

फास्टलोकल

आमच्या बिल्डिंगमध्ये दोन जागा अशा माणसाच्या नावावर आहेत जो गेली अकरा वर्षं ऑस्ट्रेलियात राहतो. त्या तो भाड्याने देतो. यावर कुठला निकाल आहे, ताई?

सौ. सचिव

निकाल लागत नाही, सभासदांनी बोलावं लागतं. वार्षिक सभेला कोण येतं ते विचारा. ४२तले नऊ. त्यातले चार सामोसे आल्यावर.

कांजूरचे आजोबा

शब्द मागे घेतो. 'पहिली निघते' एवढाच. बाकीचं कायम.

खड्डेशास्त्री

धागा माझा आहे, हे नम्रपणे सांगतो. पार्किंगचा वेगळा काढा.

सौ. सचिव

वेगळा कशाला? तुमच्या हिशेबात पंप आहे, विमा आहे, टॅक्स आहे. जागेचं भाडं कुठाय? आमच्याकडे बाहेर कुणाची जागा घ्यायची तर महिना साडेतीन-चार हजार सांगतात. लालरेषांच्या हिशेबाने गाडी महिन्यातून चारदा निघणार, म्हणजे उरलेले २६ दिवस ती उभी राहणार. उभी राहायलाच पैसे लागतात या शहरात.

लालरेषा

हं. हे मात्र मी धरलं नव्हतं. पॅलिओ मी रस्त्यावर लावायचो, पिंपळाखाली. तेव्हा चालायचं.

आणि आता निघालंच आहे तर पूर्ण सांगतो, नाहीतर शास्त्रीबुवा नंतर उकरून काढतील. ती पॅलिओ कशी गेली ते मी लिहिलं नव्हतं. जुलैचा पाऊस, मिलन सबवे, पुढची बस गेली म्हणून मीही घातली. चूक शंभर टक्के माझी. इंजिनाने पाणी ओढलं, कनेक्टिंग रॉड वाकला. विमावाल्यांनी सांगितलं, हे अपघातात बसत नाही, इंजिनचं वेगळं कव्हर घ्यायला हवं होतं. सव्वा लाखाची गाडी २२ हजारांना भंगारात दिली आणि घरी सांगितलं की विकली. बाबांना अजून माहीत नाही.

खड्डेशास्त्री

म्हणजे परवडली नव्हती.

लालरेषा

परवडली नव्हती. तरी परत घेईन. लिहून ठेवा.

इथेनॉलग्रस्त

इथेनॉलसुद्धा पाणी ओढतं, बरं का.

खड्डेशास्त्री

मीही थोडं खाली येतो, नाहीतर मला म्हातारा ठरवाल. वॉरंटी उरलेली, एकाच मालकाची, एमएच पासिंगची एखादी छोटी टर्बो हॅचबॅक घे, चार-पाच लाखांत, उरलेले बाजूला ठेव, हे मी मान्य करेन. ३२८आय नाही. खड्ड्यांवरही मी अजून बोललोच नाहीये, आणि माझं नाव खड्डेशास्त्री आहे. पंक्चर होऊनही चालणारे रनफ्लॅट टायर, त्यांच्या कडक बाजू, आणि पहिल्या पावसानंतरचा घोडबंदर. एक खड्डा, एक रिम.

एफथर्टी

नमस्कार, मीच तो. कालपासून सगळं वाचतोय, लिहायचा धीर होत नव्हता.

दोन गोष्टी. ६ लाख बाबांच्या पगारातले नाहीत, माझ्या एमएससाठी ठेवलेल्या एफडीतले आहेत. मला बाहेर जायचं नाही म्हणून ते म्हणाले, मग तुझे तू काय ते कर. फास्टलोकल ताई, मला बहीण नाही, पण तुमचं वाचून रात्री आईला विचारलं. तिला लग्नाआधी गाडी येत होती, नंतर कुणी चालवायला दिली नाही. मला हे माहीतच नव्हतं.

दुसरं, आज खारघरला जाऊन गाडी बघून आलो. पांढरी, आत लाल लेदर. गणूकाकांनी सांगितल्याप्रमाणे आधी बॉनेटला हात लावला. चांगलंच गरम होतं. विकणारा म्हणाला, 'आत्ताच पेट्रोल भरून आणली तुमच्यासाठी.' आवाज मला तरी काही आला नाही. टोकन मागतोय, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतो.

गणू गॅरेजवाले

टोकन देऊ नकोस. काटा बघितलास का? टाकी फुल होती?

एफथर्टी

रिझर्व्हला होती.

लालरेषा

😂 उत्तर मिळालं.

फास्टलोकल

आईला आधी एक गाडी चालवायला दे रे. कुठलीही.

खड्डेशास्त्री

ऐक. त्याला फोन कर आणि सांग, रविवारी सकाळी सातला येतो, शनिवारी रात्रीपासून गाडी जागची हलवायची नाही. हलवली तर सौदा नाही. गणूभाऊ स्कॅनर घेऊन येणार असतील तर उत्तम, वाशीला चहा माझ्याकडून. मीही येतो. घेऊ नको हे सांगायलाच येतोय, गैरसमज नको.

फक्त चालवून आधी मी बघणार.