सोल्डरिंग आयर्नचं टिप सारखं काळं पडतंय, काय करू?

नवीन टिप टाकून १५ दिवस पण झाले नाहीत आणि टोक काळंकुट्ट झालंय, सोल्डर (जोडासाठी वितळवायची धातूची तार) लावायला गेलं की गोळी होऊन घरंगळते, चिकटतच नाही. मी ४०० अंश सेल्सिअसला ठेवतो आणि काम नसलं तरी चालूच असतं. कानशीने घासू का?

उत्तर १
कानशी अजिबात नको!! आत तांबं असतं आणि त्यावर लोखंडाचा पातळ थर, तो एकदा गेला की सोल्डर तांब्याला खात जातं आणि टिपला खड्डे पडतात, मग फेकायचंच. तापमान ३२०-३५० वर आण, जितकं जास्त गरम तितकं ऑक्सिडेशन (हवेमुळे काळा थर चढणं) लवकर. आणि ५-१० मिनिटं काम नसेल तर सरळ बंद कर, खरं नुकसान तिथेच होतंय तुझं.

उत्तर २
बरोबर. आणखी एक, बंद करताना टिप पुसून चकचकीत करून ठेवू नकोस, उलट भरपूर सोल्डर लावून तसंच थंड होऊ दे, हवा लागत नाही. पुढच्या वेळी गरम झालं की पुसायचं. पुसायला पितळी तारेचा गुंता बेस्ट, ओल्या स्पंजने टिप एकदम गार होतं.

प्रश्नकर्ता
आत्ता जे काळं झालंय ते निघेल का पण?

उत्तर १
बहुतेक निघेल. ३०० च्या आसपास ठेव, रोझिन फ्लक्समध्ये (तो काळा थर काढणारी राळ) बुडव, फ्लक्सवालं सोल्डर लाव, पितळी तारेत फिरव, असं ४-५ वेळा. नाहीच झालं तर टिप टिनर (टिप साफ करून त्यावर सोल्डर चढवणारी पेस्ट) मिळतो तो वापर. प्लंबिंगचा ॲसिड फ्लक्स मात्र चुकूनही नको.